साताऱ्याला फोन करायचा तर

एडिसन, न्यू जर्सी
५ ऑक्टोबर २००३

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू सारखी ‘ठेव आता, बिल होतंय’ म्हणत होतीस, म्हणून इथला फोनचा हिशेब सविस्तर लिहिते. दादालाही वाचून दाखव.

इथल्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानंच दुकानं आहेत. तूरडाळ, कढीपत्ता घेऊन गल्ल्याशी आलं की मागे भिंतभर फोनची कार्डं टांगलेली दिसतात. पैसे आधी द्यायचे. कार्डाच्या पाठीवरची करडी पट्टी नाण्याने खरवडली की पिन निघतो. आधी कंपनीचा नंबर फिरवायचा, मग पिन, मग ०११, भारताचा ९१, साताऱ्याचा २१६२ आणि शेवटी आपला नंबर. मध्येच एक बाई किती मिनिटं उरलीत ते सांगते, आणि तेव्हापासून माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे लागतं.

दुसरा प्रकार खात्याचा. तुझ्या नातीने तो घेतलाय. घरचा नंबर कंपनीकडे नोंदवलेला असतो, त्यामुळे पिन लागत नाही. जेवढं बोलू तेवढेच पैसे तिच्या क्रेडिट कार्डावर पडतात.

पोस्टरवर कार्डाचा दर नेहमी कमी दिसतो. पण बारीक अक्षरं वाचायला हवीत. काही कार्डांत फोन लागला की लगेच जोडणीचे पैसे कापतात, मिनिटं तिनाच्या पटीत मोजतात, आणि पहिल्या फोननंतर कार्ड नुसतं पडून राहिलं तरी दर आठवड्याला थोडं थोडं कापत राहतात. लेकीने मला कागदावर मांडून दाखवलं. समज, कार्ड मिनिटाला १५ सेंट आणि जोडणीला ६० सेंट घेतं, आणि खात्याचा दर सरळ २० सेंट आहे. चार मिनिटं बोललो तर कार्ड सहा मिनिटं धरणार, म्हणजे दीड डॉलर. खात्यावर तेच ८० सेंटमध्ये होतं. वीस मिनिटं बोललो तर मात्र कार्डाला पावणेचार डॉलर आणि खात्याला चार. सध्या डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे हा फरक काही थोडा नाही. म्हणून आधी आपण कसं बोलतो ते बघायचं आणि मग दर.

तुझी ताई

बफेलो, न्यूयॉर्क
१४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

आज नायगारा पाहिला. रेनकोट घालूनही पार भिजलो. त्याबद्दल दादाला वेगळं पत्र लिहिते.

तुला फोन केला तो मोटेलच्या दारातल्या सार्वजनिक फोनवरून. आमचं खातं घरच्या नंबराशी बांधलेलं, इथे त्याचा उपयोग नाही. पर्समधलं पाच डॉलरचं कार्डच कामी आलं. १-८०० ने सुरू होणारा नंबर फिरवला की सुटी नाणी लागत नाहीत. त्या फोनच्या मालकाचा आकार कार्डातूनच वजा होतो, त्यामुळे मिनिटं बरीच कमी मिळाली. प्रवासात मी पाच डॉलरपेक्षा मोठं कार्ड बाळगत नाही. कार्ड हरवलं की पैसेच हरवले म्हणायचे. ज्याच्या हाती पिन लागेल तो बोलेल.

तरी तुझा आवाज ऐकायला मिळाला. अनोळखी गावात मला ते फार हवं होतं.

तुझी ताई

शिकागो
२ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीत लाइन मिळेना. कितीदा लावला तरी ‘सगळ्या लाइन व्यस्त आहेत’ एवढंच. तुम्ही सगळे फोनपाशी बसून असाल या विचाराने जीव कासावीस झाला. पुढच्या सणाला आदल्या दिवशीच करेन.

गेल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. एडिसनला परतले की माझ्या रात्रीच्या साडेआठला तुझे सकाळचे सात वाजलेले असतील. तेव्हा तुझा चहा झालेला असतो, म्हणून हीच वेळ धरू या. रोज चार-पाच मिनिटं, घरच्या फोनवरून, खात्यावर. कार्ड ठेवेन ते रविवारच्या निवांत गप्पांसाठी. तेही जोडणीचे पैसे न घेणारं मिळालं तर उत्तमच.

पोवई नाक्यावरच्या बूथमध्ये लाल आकडे पळायला लागले की आपण काय बोलायचं तेच विसरायचो, आठवतं? विदेश संचार निगमची मक्तेदारी गेल्या वर्षी संपली, तेव्हापासून दर उतरतायत. तरी तिकडून इकडे फोन अजून महाग पडतो. दादाला सांग, काही निकड असली तर नुसती रिंग देऊन ठेवून दे. मी लगेच उलट फोन करते. आणि तू बिलाची काळजी करू नकोस. तुझ्या गुडघ्याचं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, औषध कधी बदललं, हे घाईने सांगू नकोस. मला ते सगळं नीट ऐकायचं आहे.

तुझी ताई