ऐकू येतं, पण लागत नाही

माझे कान ठणठणीत आहेत. तसा रिपोर्टच आहे माझ्याकडे. साउंडप्रूफ खोलीत बसवून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बीप ऐकवले, दोन्ही कानांचा आलेख नॉर्मल. तरी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार जण बोलायला लागले की मला शब्दच लागत नाहीत. ‘सात’ म्हणाला की ‘साठ’? आवाज येतो, अर्थ मागे राहतो.

“लक्ष कुठंय तुझं?” हे वाक्य मी आईकडून, बाईंकडून आणि मग मॅनेजरकडून ऐकत मोठा झालो. सत्ताविसाव्या वर्षी त्याला नाव मिळालं: ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. आमच्या भाषेत सांगायचं तर माइक उत्तम, अडचण पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये.

एका चाचणीत दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात. बहुतेकांचा उजवा कान किंचित पुढे असतो, कारण भाषेचं काम मुख्यतः मेंदूचा डावा भाग करतो. डोरीन किमुरा यांनी हे १९६१ मध्येच दाखवलं होतं. माझ्या बाबतीत डाव्या कानातले आकडे सरळ गळून पडत होते.

निदान कळल्यावर आईनं रात्रभर फोनवर शोधाशोध केली. तिला सापडली गी बेरार या फ्रेंच डॉक्टरची पद्धत: १० दिवस, रोज अर्ध्या तासाची दोन सत्रं, यंत्रातून बदललेलं संगीत ऐकायचं. ती एफडी मोडायला निघाली. इतकी वर्षं मला ओरडल्याची जणू भरपाईच करायची होती तिला. मी तिला दाखवलं, की ही पद्धत वैज्ञानिक कसोटीवर उतरलेली नाही असं अमेरिकेतल्या ऑडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं, आशानं, २००४ मध्येच म्हटलंय. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मग काय, असंच राहायचं?”

असंच नाही. मी साधा, कंटाळवाणा सराव घेतला. चांगल्या कानातला आवाज कमी ठेवायचा, कमजोर कानाला पुरेसा द्यायचा. कमजोर कानाला जमायला लागलं की चांगल्या कानातला आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. तीन महिन्यांनी चाचणीतला फरक कमी झाला. कॅन्टीन मात्र अजूनही थकवतं.

तिथं उपयोगी पडतं ते फिजिक्स. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. म्हणून मी खुर्ची पुढे ओढतो, भिंतीकडे पाठ करून बसतो, मीटिंगला कॅप्शन लावतो, आकडे चॅटवर मागतो. “मला गोंगाटात शब्द लागत नाहीत, समोर बघून बोल” हे वाक्य म्हणायला सरावापेक्षा जास्त हिंमत लागली.

एफडी शाबूत आहे. आई आता स्वयंपाकघरातून हाक मारत नाही. मिक्सर बंद करते, पदराला हात पुसत बाहेर येते, समोर बसते आणि मग बोलते. बहुतेक वेळा विषय भाजी कुठली करू एवढाच असतो.