यादीतलं एकच नाव

९ जुलै २०२०. लॉकडाऊनमुळे मी पुण्याची खोली सोडून वेंगुर्ल्याला घरून काम करत होतो. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. सकाळच्या मीटिंगला बसणार तेवढ्यात बाबा फोन कानाला लावूनच खोलीत आले. पलीकडे मंगळूरचा काजूचा दलाल होता. बाबा मला म्हणाले, "थयलो पंतप्रधान गेलो म्हणतत. आता बी येतली काय नाय?"

'थय' म्हणजे कोत दिव्वार, आपल्या शाळेच्या नकाशातला आयव्हरी कोस्ट. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. कोकणातली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात आफ्रिकेची बी घ्यावी लागते. ८० किलोच्या तागाच्या पोत्यांवर छापलेलं त्या देशाचं नाव मी अक्षरं ओळखायला लागलो तेव्हापासून वाचत आलोय. तिथे पंतप्रधान असतो, हे मात्र त्या दिवशी कळलं.

बी आली. जहाजाचं काही अडलं नाही. पण मी त्या माणसाबद्दल वाचायला लागलो तो थांबलोच नाही.

आमादू गोन कुलिबाली. जन्म १९५९चा, घराणं उत्तरेतल्या कोरोगोच्या सेनुफो सरदारांचं. पॅरिसमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकून आलेला हा माणूस मोठ्या सार्वजनिक बांधकामांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात लागला. १९९०मध्ये अलासान वातारा पंतप्रधान झाले आणि कुलिबाली त्यांच्या कार्यालयात तांत्रिक सल्लागार म्हणून गेले. तिथून पुढे तीस वर्षं ते वातारांच्या सोबत राहिले. कोरोगोचे खासदार, मग महापौर. २००२मध्ये देशाचे दोन तुकडे झाले, कोरोगो बंडखोरांच्या ताब्यात गेलं. आणि हे आबिजानमध्ये, विरोधी पक्षाचे असूनही राष्ट्राध्यक्ष बाग्बोंच्या मंत्रिमंडळात शेतीमंत्री! २०१०पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं. काजू पिकतो तो मुख्यतः त्याच उत्तर भागात. आमच्या गोदामातल्या पोत्यांचा आणि या माणसाचा संबंध असा होता.

वातारा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कुलिबाली राष्ट्राध्यक्ष कार्यालयाचे महासचिव झाले. २०१२मध्ये त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. एखाद्याने यानंतर निवृत्ती घेतली असती. हे जानेवारी २०१७मध्ये पंतप्रधान झाले, तेही सैनिकांच्या बंडाळीच्या ऐन आठवड्यात. एप्रिलमध्ये कोकोचा जागतिक भाव कोसळला म्हणून शेतकऱ्याला मिळणारा हमीभाव किलोला ११०० फ्रँकवरून ७०० वर आणावा लागला. मे महिन्यात सैनिक पुन्हा रस्त्यावर आले. जुलैमध्ये अर्थसंकल्पाचं खातंही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मार्च २०२०मध्ये ७८ वर्षांच्या वातारांनी जाहीर केलं, की आपण पुन्हा उभे राहणार नाही. आठवडाभरात पक्षाने उमेदवार ठरवला : कुलिबाली. मे महिन्यात ते हृदयाच्या उपचारांसाठी फ्रान्सला गेले. दोन महिन्यांनी, २ जुलैला परतले आणि विमानतळावरच म्हणाले, की राष्ट्राध्यक्षांच्या बाजूची आपली जागा पुन्हा घ्यायला आलोय. ८ जुलैला मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांना बरं वाटेनासं झालं आणि त्याच दिवशी ते गेले. वय ६१. वातारांनी त्यांना धाकटा भाऊ आणि मुलगा म्हटलं.

मी हे वाचत होतो तेव्हा बाबा ५९ वर्षांचे होते. २०१८मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी धूळ, धूर आणि दगदग टाळायला सांगितलं होतं. काजूच्या कारखान्यात या तीन गोष्टी टाळायच्या तर दारातूनच परत फिरावं लागतं. बाबा पंधराव्या दिवशी बॉयलरपाशी उभे होते. त्यांचीही एक यादी होती. त्यात एकच नाव होतं, माझं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. "तुझा पुण्याचा झाला, की बघूया," एवढंच म्हणायचे.

आमच्या धंद्यात अशा गोष्टीला नाव आहे. जो एक भाग बंद पडला की सगळी यंत्रणा बंद पडते, तो शोधून त्याला पर्याय उभा करायचा, हे मी पगार घेऊन करतो. घरात तो भाग मीच होतो. कुणाच्या तरी यादीतलं एकमेव नाव असणं हा मान असतो, हे मला कळत होतं. पण कुलिबालींचं वाचताना पहिल्यांदा वाटलं, की नाव असणाऱ्याला 'मी थकलोय' म्हणायची सोयच उरत नाही.

आणि ते नाव गेल्यावर? ६ ऑगस्टला वातारा स्वतःच पुन्हा उमेदवार झाले. २०१६च्या नव्या राज्यघटनेमुळे मुदती नव्याने मोजायच्या, असा त्यांचा युक्तिवाद. विरोधकांनी बहिष्कार टाकला, हिंसाचारात माणसं मेली, आणि वातारा ९४ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. कुलिबालींच्या जागी आलेले हामेद बाकायोको आठ महिन्यांत, मार्च २०२१मध्ये, जर्मनीतल्या रुग्णालयात वारले. २०२५मध्ये वातारा चौथ्यांदा निवडून आले. कोरोगोच्या स्टेडियमला कुलिबालींचं नाव आहे. खुर्चीवर अजून तेच म्हातारे गृहस्थ.

मी २०२२मध्ये बाबांना 'नाही' म्हणालो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी कारखान्यात गेले. वातारांनी जे केलं तेच, फक्त मतदान झालं नाही.

मला लाज वाटते ती नकाराची नाही. लाज याची वाटते, की आम्ही दोघांनीही बाजूला पाहिलं नाही. ताई गेली आठ वर्षं कारखान्यात आहे. सोलणाऱ्या बायकांची हजेरी, गरांची प्रतवारी, जीएसटी, सगळं तिच्याकडे. पोत्यातली मूठभर बी कापून किती गर निघेल हे ती बाबांइतकंच अचूक सांगते. तिचं नाव यादीत का नव्हतं, याचं उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी विचारत नव्हतं. मीही नाही, माझी सुटका कशी होईल यातच मी गुंतलो होतो.

गेल्या दिवाळीत विचारलं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती कधी बोलली नाय."

"मी तरी कुठे बोललो होतो?"

"बघूया," म्हणाले.

परवा ताईचा फोन आला. मंगळूरच्या दलालाने यंदाचा भाव सांगायला थेट तिला फोन केला होता. नंबर बाबांनी दिला होता. तिला काही सांगितलं मात्र नव्हतं.