एका वितीचा फरक

मुलांनो, आज आपण फ्रान्सला जाऊ या. तिकीट नको, भिंतीवरचा नकाशा पुरे! भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं खाली दक्षिणेकडे या. पिरेनीज पर्वत जिथं समुद्रात पाय बुडवतो, तिथं सर्बेर हे फ्रान्सचं शेवटचं गाव. पुढे डोंगरात बोगदा. बोगद्याच्या पलीकडे पोर्टबू. हे मात्र स्पेनमधलं!

१८७८ साली या बोगद्यातून रेल्वे सुरू झाली. पण गंमत अशी, की फ्रान्सच्या दोन रुळांमधलं अंतर होतं १४३५ मिलिमीटर आणि स्पेनच्या रुळांमधलं त्याहून वीतभर जास्त. स्पेन डोंगराळ देश. रूळ रुंद ठेवले तर मोठ्या बॉयलरचं, जोरदार इंजिन चालवता येईल, असं तिथल्या इंजिनिअरांना १८४४ साली वाटलं होतं.

मग स्पेनची गाडी फ्रान्सच्या रुळांवर चालेल का? छे! चाकं रुळांवर बसणारच नाहीत. म्हणून स्पेनची गाडी सर्बेरला येऊन थांबे. माणसं उतरून दुसऱ्या गाडीत बसत.

माणसांना पाय असतात. संत्र्यांचं काय?

व्हॅलेन्सियाच्या बागांतली संत्री डबे भरभरून येत. ती उतरवायच्या गावातल्या बायका आणि तरुण मुली. टोपली भरायची, शेजारच्या फ्रेंच डब्यात रिकामी करायची, की पुन्हा मागे. दिवसभर हेच! काम अंगमोड करणारं आणि मजुरी अगदी थोडी. १९०६ साली त्यांनी मजुरी वाढवून मागितली, संप केला. गाडी अडवायला त्या चक्क रुळांवर उतरल्या. बायकांनी संप करायचा, ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती, बघा!

पुढे मालडब्यांची चाकंच बदलायची युक्ती निघाली आणि टोपल्या थांबल्या. २०१३ साली तर पॅरिसहून बार्सिलोनाला थेट वेगवान गाडी सुरू झाली. त्यासाठी स्पेननं फ्रान्सच्या मापाचे नवे रूळ टाकले. जुने रूळ मात्र अजून रुंदच आहेत, १६६८ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त ८ मिलिमीटर कमी बरं का!

आता पट्टी घ्या आणि १६६८मधून १४३५ वजा करून येईल तेवढी रेघ जमिनीवर ओढा. त्यावर आईला वीत ठेवायला सांगा. जवळजवळ बसेल. एवढ्याशा अंतरासाठी सर्बेरच्या बायकांनी वर्षानुवर्षं टोपल्या वाहिल्या.