जुमाऱ्याचे मॅक्रोसेफॅलाइट्स

१८ डिसेंबर, जुमारा (कच्छ)
शेलमधले जिप्समचे पत्रे दुपारी डोळे दिपवतात. शोधायला सकाळचे तिरपे ऊनच बरे. अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखांचे जीवाश्म, उदंड; मला हवेत त्यांतले मॅक्रोसेफॅलाइट्स. उतारावरून घरंगळत आलेला मी उचलत नाही, मग तो कितीही देखणा असो. त्याचा थर कोणता, हे कोण सांगणार? जागेवरचा अर्धा तुकडा चालेल.

९ जानेवारी, पुणे
सुईने दगड उकरणे, दुसरे काही नाही. संध्याकाळी एका अमोनाइटवर शिवणरेषा, म्हणजे आतल्या पडद्यांच्या कडा, उमटल्या. शेवटचे पडदे एकमेकांना खेटून आलेत, म्हणजे प्राणी पूर्ण वाढलेला. हे कळल्याशिवाय मापे घेणे म्हणजे पाळण्यातल्या पोराची उंची बापाशी ताडून पाहणे.

१४ जानेवारी
व्यास, वेढ्याची उंची, जाडी, नाभीची रुंदी. एकाच थरातले काही गुबगुबीत, काही चपटे, आणि मधले सगळे प्रकारही हजर. वागेन (१८७३–७५) आणि स्पॅथ (१९२७–३३) यांनी कच्छच्या अमोनाइटांना नावांची खैरात केली. स्पॅथ लंडनमध्ये बसून इतरांनी गोळा केलेला माल पाहत होते. थरांची नोंद ढोबळ. तरी त्यांची नजर तीक्ष्ण. वर्णने आजही कामाला येतात, नावे तेवढी निम्म्याहून कमी हवीत असे माझे मत.
त्यात १९६२-६३ मध्ये पोलंडच्या माकोव्स्की आणि इंग्लंडच्या कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की मोठा आणि छोटा शंख ही बहुधा एकाच जातीची मादी आणि नर. कच्छमध्येही तसेच दिसते: मोठ्यांचा शेवटचा वेढा गुळगुळीत होतो, छोट्यांच्या बरगड्या मुखापर्यंत टिकतात. छोट्यांना कॅम्प्टोकेफॅलाइट्स हे वेगळे वंशनाव मिळाले होते!

२ फेब्रुवारी
अमोनियम क्लोराइडची पांढरी वाफ देऊन फोटो. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून. दमट हवेत लेप खरबरीत होतो, म्हणून घाई.
विद्यार्थिनी म्हणाली, "सर, बरगड्या किती विरळ आहेत! ही नवीनच जात आहे."
"अगं, एकाच नगावर? त्याच थरातले आणखी दहा आण."
"नामकरणाच्या नियमात एक होलोटाइप पुरतो ना?"
पुरतो. २००० पासून नव्या जातीचा मूळ नमुना स्पष्ट सांगावा लागतो, तो कोणत्या संग्रहात ठेवणार तेही. पण नियम नाव वैध ठरवतो, जात खरी की नाही हे नाही.

११ फेब्रुवारी
त्या विरळ बरगड्यांच्या नगावर सध्या 'सीएफ. फॉर्मोसस', म्हणजे 'फॉर्मोससशी मिळताजुळता', असे लिहिले. कॅप्टन ग्रँटने कच्छमधून नेलेल्या नमुन्यांवरून सॉवर्बीने १८४० मध्ये दिलेले हे नाव. वागेनचे मूळ नमुने मात्र कोलकात्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. तुलनेसाठी तेच पाहावेत, पुस्तकातल्या नुसत्या शिळाछापावर विसंबू नये. जुने चित्रकार मोडका भाग कधी कधी अंदाजाने पुरा करत.
विद्यार्थिनीला 'सीएफ.' पटलेले नाही. कोलकात्याला तीच जाईल, कॅलिपर घेऊन.