घाट चढला, पण उतरायचा कसा?

अमेरिकेतील कोलोराडो राज्याची राजधानी डेनव्हर मुळातच सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर वसली आहे. तिथून आय-७० महामार्ग पश्चिमेला रॉकी पर्वतात शिरतो आणि शंभर किलोमीटरच्या आतच आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरची उंची गाठतो.

उन्हाळ्यातल्या शुक्रवारी या रस्त्यावर मोठी गंमत असते. बसएवढ्या आलिशान फिरत्या घरांच्या रांगेत एखादी तीस वर्षांची छोटी टोयोटा किंवा फोर्ड रेंजर पिकअप दिसते. तिच्या मागे अंड्याच्या आकाराचा, फायबरग्लासचा तेरा फुटी ट्रेलर. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी. हॉटेलचे भाडे वाचते आणि मुलांना तर हे बिऱ्हाड खेळण्यातल्या घरासारखेच वाटते.

आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत सारे सुखात चालते. जॉर्जटाउनपासून चढ बोलू लागतो. इथून पुढचे सिल्व्हर प्लूम गाव जेमतेम तीन किलोमीटरवर. पण १८८४ मध्ये रेल्वे आणणाऱ्यांना तेवढ्यासाठी सात किलोमीटरचा वळसा घालावा लागला होता. महामार्ग मात्र सरळ चढतो. त्यात हवा विरळ. दर तीनशे मीटरला इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद कमी होते. जुन्या टोयोटाची ११६ अश्वशक्ती बोगद्यापर्यंत ऐंशीच्या आसपास येते. गाडी उजव्या बाजूने रखडत चालते, मागचे चालक वैतागतात. वैतागू द्यावे! तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करावा, गरज पडली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

चढताना फार तर गाडी बंद पडेल. खरा धोका पुढे आहे. १९७३ मध्ये खुला झालेला २.७ किलोमीटरचा हा बोगदा ओलांडला, की सिल्व्हरथॉर्नपर्यंत तेरा किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे सातशे मीटर खाली उतरतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी इथे रस्त्याच्या कडेला खडीचे दोन चढ मुद्दाम बांधून ठेवले आहेत. एवढ्यावरून काय ते समजावे.

छोट्या पिकअपचे ब्रेक प्रामुख्याने तिचे स्वतःचे वजन थांबवण्यासाठी असतात. मागून सात-आठशे किलो ढकलू लागले, की सतत दाबलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि शेवटी पाय दाबूनही गाडी आवरत नाही. कसारा-खंडाळ्याच्या चालकांचा जुना नियम इथेही तितकाच खरा आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार लागण्याआधीच खाली आणावा. ब्रेक नेटाने दाबावा, वेग कमी झाला की सोडून द्यावा.

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असले तर निम्मी काळजी मिटते. ठरावीक वजनापुढे ते कायद्यानेही लागतात. मर्यादा राज्यागणिक वेगळी. ते चालवणारी पेटी जुन्या पिकअपमध्ये बहुधा नसते, ती आधी बसवून घ्यावी. गाडीच्या पुस्तकातली ओढण्याची मर्यादा पाहताना पाणी, गॅस, बर्फाची पेटी, मुलांच्या सायकली हे सगळे वजनात धरावे. रिकाम्या ट्रेलरचे वजन बघून खूश होणारेच पुढे फसतात.

सामान कुठे ठेवले, यालाही तितकेच महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या जोडावर यायला हवा. जड वस्तू मागे कोंबल्या की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. अशा वेळी घाबरून पिकअपचा ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरावे, अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि पेटीवरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावावा. जोडाखाली दोन्ही साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या अडकवाव्यात. ट्रेलरचे टायर वर्षभर उभ्यानेच म्हातारे होतात, म्हणून नक्षी शाबूत असली तरी कडेच्या भेगा बघाव्यात.

खाली पोचले की डिलन जलाशय दिसतो. डेनव्हरच्या पाण्यासाठी १९६३ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्यासाठी डिलन गावच हलवावे लागले. काठावरच्या हीटन बे तळावर ट्रेलर उभा करावा. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी चारही बाजूंनी फिरून चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक किंवा बेअरिंग तपासून घ्यावे. या उंचीवर जुलैतही रात्री गारठा असतो, तेव्हा स्वेटर हाताशी असू द्यावेत. परतीला हाच घाट उलटा चढायचा असतो आणि रविवारी दुपारी डेनव्हरकडे वाहनांची लांबच लांब रांग लागते. इंजिन तापवत त्या रांगेत अडकण्यापेक्षा पहाटेच तळ हलवलेला बरा.