'कट्टर' लिहिणं मी सोडलं

वीस वर्षं मी रात्रपाळीला एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणतेय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माझं पक्कं मत होतं, की इंग्रजीतल्या या ठरीव जोड्या म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताची सवय. स्टॉन्च सपोर्टर, आर्डंट सपोर्टर, डाय-हार्ड सपोर्टर, तिन्हींना मी 'कट्टर समर्थक' लिहायचे. पान सोडायची घाई असते, अर्थ पोचतो, पुढची बातमी घ्या. डेस्कवर आलेल्या नव्या मुलांनाही मी हेच शिकवलं. ते चुकीचं होतं.

मत बदललं ते एका निधनवार्तेमुळे. बाई मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटलेल्या. इंग्रजी मजकुरात 'स्टॉन्च सपोर्टर' होतं, मी हात न थांबवता 'कट्टर' केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. रडून आवाज बसलेला. "ताई, माझी आई कट्टर नव्हती हो. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची. फक्त आपली जागा सोडायची नाही." मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री पान गेल्यावर कोश काढून बसले. स्टॉन्च हा शब्द जहाजालाही लावत. ज्याच्या फळ्यांतून पाणी आत झिरपत नाही, असं जहाज. बाहेर लाटा कितीही आपटोत, आत कोरडं. मुलगी आईबद्दल हेच तर सांगत होती! आणि आपल्याकडे 'खंदी' हा शब्द हाताशी असून मी तो घेतला नव्हता. आर्डंटच्या मुळाशी लॅटिनमधलं जळणं आहे. तिथं ऊब आहे, चटका आहे, विझण्याची भीतीही आहे. डाय-हार्ड रणांगणातून आलेला. 1811 साली स्पेनमध्ये आल्बुएराच्या लढाईत जखमी होऊन पडलेल्या कर्नल इंग्लिसनं आपल्या 57व्या पलटणीला झुंजत मरा असं बजावलं, आणि पलटणीला ते नाव कायमचं चिकटलं. 1911 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचे अधिकार कापणाऱ्या विधेयकाविरुद्ध अखेरपर्यंत अडून बसलेल्या उमरावांनाही लोक तेच म्हणू लागले. शंभर वर्षांत शौर्याच्या शब्दाला हट्टाचा वास लागला.

स्त्रियांच्या मताधिकाराच्या बातम्यांतही मी असाच घोळ घातला होता. 'सफ्रजेट' हा शब्द 1906 मध्ये डेली मेलनं हिणवण्यासाठी काढला, आणि एमेलिन पँकहर्स्ट यांच्या सोबतिणींनी तो अभिमानानं मिरवला. मिलिसेंट फॉसेट यांच्या सनदशीर वाटेनं जाणाऱ्या बायका मात्र 'सफ्रजिस्ट'. दोघींचं मागणं एक, झगडण्याची रीत वेगळी. मी दोघींना एकाच ओळीत कोंबत आले.

'कट्टर' शब्दावर माझा राग नाही. पण तो वाचला की आज वळलेली मूठ दिसते, म्हणून मूठ खरोखर वळलेली असेल तिथंच मी तो ठेवते.

परवा 'टायरलेस कॅम्पेनर' आलं. 'अथक' टाइप केलं होतं, ते खोडून वार्ताहराला फोन लावला. बाई नेमकं काय करायच्या? तो म्हणाला, दर गुरुवारी एसटीनं तालुक्याला जाऊन शाळा सुटलेल्या मुलींच्या घरी बसायच्या. मी ते तसंच घेतलं.