निवडीची कड

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात तयार झालेल्या ‘ब्राव्हो’ या लेखनप्रणालीत कळफलकाचे काम अवस्थेप्रमाणे बदलत असे, म्हणजे एका अवस्थेत दाबलेले अक्षर मजकुरात उमटे, तर दुसऱ्या अवस्थेत तेच अक्षर आज्ञा ठरे. आज्ञेच्या अवस्थेत असताना कोणी इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टंकित केला, तर ‘ई’ने सारा दस्तऐवज निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने टंकन सुरू होई आणि पडद्यावर उरे तो एकटा ‘टी’. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५च्या सुमारास जिन या पाठ्यपुस्तक-प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी ‘जिप्सी’ ही प्रणाली घडवताना हा धोका मुळातूनच काढून टाकला: आधी माउस ओढून मजकूर निवडायचा, मग त्याचे काय करायचे ते सांगायचे.

हा क्रम ठरला की सारी जबाबदारी निवडीच्या कडांवर येते, कारण हात थोडाफार हलतोच आणि पडद्यावरचे अक्षर जेमतेम काही ठिपके रुंद असते. म्हणून माउसचा बाण अक्षराच्या डाव्या अर्ध्यात पडला तर कड अक्षराआधी आणि उजव्या अर्ध्यात पडला तर अक्षरानंतर धरतात; जिथे बटण दाबले ते टोक पक्के राहते आणि माउसबरोबर दुसरे टोक तेवढे सरकते, मग ते पक्क्या टोकाला ओलांडून उलट बाजूला गेले तरी चालते. आधीच निवडलेल्या मजकुरावर बटण दाबले गेले, तर तो मजकूर ओढून दुसरीकडे न्यायचा आहे की केवळ निवड सोडायची आहे, हे त्या क्षणी कळणे अशक्य असते. त्यामुळे बाण काही ठिपके (विंडोजमध्ये साधारण चार) सरकल्याखेरीज ओढणे सुरू झाले असे मानत नाहीत आणि निवड सोडण्याचा निर्णय बटण वर येईपर्यंत लांबवतात. काही प्रणाली याही पुढे जातात आणि निवड शेजारच्या शब्दात शिरताच तो सबंध शब्द आपणहून घेतात. हा आगाऊपणा आहे. पूर्ण शब्द हवा असणाऱ्यासाठी डबल-क्लिक आहेच.

अक्षराची कड कुठे, हा प्रश्न रोमन लिपीत फारसा पडत नाही. देवनागरीत तो टाळताच येत नाही. ‘स्थिती’ या शब्दातील ‘स्थि’ युनिकोडमध्ये चार संकेतांकांनी साठवले जाते: स, त्याचा पाय मोडणारे चिन्ह, थ आणि शेवटी पहिली वेलांटी. साठवणीत शेवटी असलेली ही वेलांटी पडद्यावर मात्र सर्वांत डावीकडे उभी राहते, त्यामुळे कर्सरला ‘स्’ आणि ‘थि’ यांच्यामध्ये थांबू दिले, तर निवडीचा रंग नेमका कोणत्या भागावर भरायचा याला समाधानकारक उत्तर नाही. युनिकोडचा अक्षरे वेगळी करण्याचा प्रमाणित नियम वर्षानुवर्षे ही फोड मान्य करीत होता. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे अखंड धरण्याची तरतूद झाली. निवडीपुरता हा नियम निःशंकपणे पाळावा. बॅकस्पेसची गोष्ट निराळी, कारण एक चुकीची वेलांटी पुसताना सबंध ‘स्थि’ गमावणे कोणालाही नको असते, म्हणून ती कळ सहसा एकेक संकेतांकच पुसते.

कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे प्रणालींमधल्या देवघेवीच्या जागेत, साधा, ठळक-तिरक्या ठशांसह किंवा वेबपानाच्या खुणांसह अशा अनेक रूपांत एकाच वेळी ठेवता येतो आणि घेणारी प्रणाली आपल्याला झेपेल ते रूप उचलते. लिनक्सवर रुळलेल्या एक्स विंडो प्रणालीत तर कॉपीच्या वेळी मजकूर हलतच नाही. पेस्टची मागणी आल्यावर तो मूळ प्रोग्रामकडून मागवला जातो, आणि तोवर तो प्रोग्राम बंद झाला असेल व मजकूर सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर हाती काहीच लागत नाही. मजकुराच्या या साऱ्या रूपांत अक्षरांचे आकार नसतात, संकेतांक असतात. मराठी छापखान्यांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या जुन्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्याने, तिथला उतारा कितीही काटेकोरपणे निवडला तरी ईमेलमध्ये पेस्ट करताच रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी उमटते, आणि ती सोडवायला त्या त्या फॉन्टचा रूपांतरक शोधावा लागतो.